सोल्युशन म्हणजे कुठलं?

हमरापूर,
११ मे २०२५

मोरूमामा,

फोनवर तुला तीनदा ओरडून सांगितलं आणि तिन्ही वेळा तू "हां हां, हिकडं बी उकडतंय" म्हणालास. तेव्हा हात टेकले आणि पेन उचललं. एकतीस वर्षं कंपनीत कॉम्प्रेसरशेजारी पाइप जोडून तुझे कान गेले, त्याची शिक्षा मला का, ते देव जाणे. आमच्या शेजारचा शिवा तुमच्या रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत शिफ्टला येतो. पत्र त्याच्या हाती देते आहे, उत्तरही त्याच्याच हाती दे.

तर ऐक, म्हणजे वाच. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, गणपतीच्या कारखान्याचा मागचा कोपरा मला माशांसाठी दिला हे तुला माहीत आहे. तिथे आता लोखंडी रॅकवर दहा काचेच्या टाक्या आहेत. गप्पी आहेत, मॉली आहेत आणि एंजलची एक जोडी आहे, ती आज-उद्या अंडी घालेल. रोज बादल्या उचलून माझी कंबर मोडली, म्हणून तुझ्या जावयाने, सुजयने, आणि मी सगळ्या टाक्या पाइपाने जोडायचं ठरवलं. खाली एक ड्रम, ड्रममध्ये पंप, पंपाने पाणी वर जाणार आणि टाक्यांतून गाळून परत ड्रममध्ये येणार. कागदावर फारच छान दिसत होतं.

प्रत्यक्षात एकूण एक सांधा गळतो. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन घरात पडलं होतं, ते बंदुकीने सगळीकडे भरलं. सांधे गळायचे ते गळालेच, वर दुसऱ्या दिवशी वीस-बावीस गप्पी उलट्या होऊन तरंगत होत्या. मी त्या गोळा करताना रडले, हे सुजयला सांगू नकोस.

आणि खरी भीती वेगळीच आहे. माझ्या रॅकच्या आणि आबांच्या मूर्तींच्या मध्ये नुसती एक बांबूची ताटी आहे. पलीकडे कच्च्या शाडूचे गणपती सुकत आहेत. जागा देताना आबांनी एकच अट घातली होती, "पान्याचा थेंब हिकडं आला, तर टाक्या उचलायच्या." घरात दुसरी जागा नाही. लग्नानंतर माझं स्वतःचं असं हे एवढंच आहे, मामा. ते जायला नको.

पाइपाला चिकटवायला नेमकं काय लावू, ते एका ओळीत सांग.

तुझी
समी


रोहा,
१५ मे

समी,

एका ओळीत होत नाही. एका ओळीत होत असतं तर मला एकतीस वर्षं पगार कशाला दिला असता?

काय लावू, हे तू विचारलंस. कशाला लावू, हे लिहिलंच नाहीस. प्लास्टिक म्हणजे एक जात नाही. पांढरा पाइप वेगळा, गरम पाण्याचा सायीच्या रंगाचा वेगळा, शेतातला काळा वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पाइपावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते वाच आणि जसंच्या तसं लिहून पाठव. आमच्या कंपनीत लेखी परमिट असल्याशिवाय पाना-पक्कड उचलू देत नसत.

सिलिकॉन काचेला काच जोडायला. पाइपावर ते चिकटल्यासारखं दिसतं आणि दाब आला की सालीसारखं निघतं. त्यात बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी येऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं. बुरशी मरते तिथे गप्पी काय जगणार? सगळं खरवडून काढ.

मोरूमामा

(समी, अक्षर माझं आहे, मजकूर ह्याचा. चष्मा बदलायला टाकलाय म्हणून मी लिहिते. मी त्याचे दोन-तीन शब्द गाळलेत, ते लिहिण्यासारखे नव्हते. शांतीमामी)


हमरापूर,
२० मे

मामा,

पांढरा आहे. पांढरा! छापलेलं वाचायला गेले तर निम्म्या ठिकाणी सिलिकॉन आणि निम्म्या ठिकाणी सुजयने हेक्सा ब्लेडने अक्षरांवरूनच कापलेलं. थोडे तुकडे जुने घरातलेच आहेत, त्यांच्यावर काही दिसत नाही. मला डॉक्टरेट करायची नाही रे, पाणी थांबवायचं आहे.

आबा रोज सकाळी ताटीशी येऊन खाली बघतात आणि काही न बोलता जातात. बोलले असते तर बरं वाटलं असतं. वस्तूचं नाव सांग, सुजय रविवारी बाजारात जाणारच आहे.

समी


रोहा,
२४ मे

समी,

बरं बाई, पांढरा तर पांढरा. सोल्युशन लाव. पाइपाच्या टोकाला आणि सॉकेटच्या आत, दोन्हीकडे. आत ढकल, पाव वेढा फिरव, तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धर. मग चोवीस तास हात लावू नकोस. झालं.

मोरूमामा

(चष्मा अजून आला नाही. कैऱ्या शिवाच्या हाती पाठवल्यात. शांतीमामी)


हमरापूर,
९ जून

मामा,

झालं म्हणालास ना? झालंच.

तू सांगितलंस तसं केलं. दोन्हीकडे सोल्युशन, पाव वेढा, तीस आकडे. चोवीसच्या जागी छत्तीस तास थांबले. पंप लावला, दोन दिवस एक थेंब नाही. मी सासूबाईंना बोलावून दाखवलं. त्या कधी कोणाचं कौतुक करत नाहीत, त्यासुद्धा "बरं केलंस गो" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे गडब गावाला साखरपुड्याला गेलो. दुपारी परत आलो तर वरचा मोठा सांधा अख्खा निसटून लोंबत होता आणि पंप ड्रममधलं सगळं पाणी ताटीपलीकडे फेकत होता.

चौदा मूर्ती, मामा. चौदा गणपतींचे पाट आणि पावलं मऊ होऊन बसली. एकाची सोंड मांडीवर आली होती. आबा खाली बसले आणि एकेक पाऊल हाताने सावरायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू नको." एवढंच. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चाललं असतं.

संध्याकाळी त्यांनी निकाल दिला. नागपंचमीनंतर मूर्तींचे टेम्पो भरायला लागतात, तेव्हा कोपरा लागतोच. तोवर पंप चालवून कोरडी जमीन दाखवायची, नाही तर टाक्या विकायच्या. सुजय मधे बोलायला गेला तर त्यालाच झापलं. त्यांचं आजकाल असंच आहे. यंदा डोळ्यांच्या आखणीला स्वतः बसत नाहीत, सुजयला बसवतात आणि मागे स्टूल टाकून ओरडत राहतात. एवढं आहे तर स्वतः का नाही करत?

तुझं सोल्युशन कुचकामी आहे. आता तू ये. रोह्याहून आमचं पेण-हमरापूर किती लांब आहे? सकाळच्या गाडीला बसलास तर नाश्त्याला पोचशील. एक दिवस ये आणि तुझ्या हाताने जोडून दे. मला आता कागदावरची अक्कल नको आहे.

समी


रोहा,
१३ जून

समी,

पत्र दोनदा वाचून घेतलं. मूर्तींचं वाचून जेवण गेलं नाही.

पण एक सांगतो आणि ठासून सांगतो. सोल्युशन लावलेला सांधा निसटत नाही. पाइप फुटेल, पंप जळेल, सांधा सुटणार नाही. कारण ते चिकटवत नाही, ते प्लास्टिक विरघळवतं. दोन्ही अंगं मऊ होतात, एकमेकांत जातात आणि सुकल्यावर एकच होतात. सुटला म्हणतेस तर तू लावलंस ते सोल्युशन नव्हतं. कुठलं आणलं होतंस? डब्यातलं की ट्यूबमधलं? झाकणाला ब्रश होता का? वास कसला होता?

येणं जमत नाही. गुडघा धरलाय.

मोरूमामा


हमरापूर,
२२ जून

मामा,

ट्यूब. लहानशी, पिळायची. ब्रश नाही. वास सायकलच्या दुकानासारखा, कारण ती सायकलच्या दुकानातूनच आणली होती.

सुजय केरूकडे गेला. केरूचं पंक्चरचं दुकान नाक्यावर आहे. सुजयने सोल्युशन मागितलं, केरूने सोल्युशन दिलं. लहानपणापासून इकडे सोल्युशन म्हटलं की पंक्चरचंच. ट्यूबला ठिगळ लावायचं ते! केरूचा काय दोष? सुजयचा तरी काय दोष? मी नाव मागितलं, तू नाव दिलंस. नळाच्या सामानाच्या दुकानातला ब्रशवाला डबा, एवढे चार शब्द लिहायला तुझी शाई संपत होती का? चौदा मूर्ती गेल्या तुझ्या एका शब्दापायी.

आणि माझ्याही पायी. तू पहिल्याच पत्रात छापलेलं वाच म्हणून लिहिलंस, मी वाचलं नाही. काल बॅटरी धरून वाचलं. वरच्या लाइनचा पाइप पांढरा थंड पाण्याचा आहे. मधले दोन तुकडे सायीच्या रंगाचे निघाले, ते बाथरूमच्या गीझरचे उरलेले. परतीची नळी काळी, ठिबकची. म्हणजे मी तीन जातींना एकच पंक्चरचं सोल्युशन फासलं होतं.

पण आता मनातलं बोलते. तुझा गुडघा मला पटत नाही. परवा शिवाने तुला रोह्याच्या बाजारात दोन पिशव्या घेऊन चालताना पाहिलं. तू येत नाहीस, कारण माझ्या लग्नात सासरकडून तुला आहेर द्यायचा राहिला. मुलीच्या मामाचा मान चुकला, हे मला नंतर कळलं. आबांच्या माणसांकडून चूक झाली. पण पाच वर्षं झाली, मामा. तू मला हाताला धरून बोहल्यापाशी आणलंस आणि आता एका टोपी-टॉवेलवरून माझं बुडताना बघत बसतोस, हे मला फार लागलं आहे.

समी


रोहा,
२६ जून

चि. समी,

हे पत्र माझं एकटीचं. तो खाली पेपर वाचत बसलाय. पेपर बरोबर वाचतो. चष्मा कधीच बदलायला टाकला नव्हता.

त्याचे हात हलतात गो. दीड वर्ष झालं. आधी उजवा, आता दोन्ही. कप अर्धाच भरून देते, तरी बशीत सांडतो. सही जमत नाही म्हणून पेन्शनचा कागद दोनदा परत आला. पत्र मी लिहिते ते त्याचमुळे. पिशव्या उचलताना हात हलत नाहीत, बारीक काम आलं की हलतात. कंपनीत त्याने जोडलेला सांधा तपासायला साहेब येत नसत, त्याची पिवळी सही दिसली की पुढे जात. त्या माणसाला तू म्हणतेस, येऊन तुझ्या हाताने जोडून दे. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा तो नुसता हात मांडीखाली घालून बसला.

आहेराचं तर तो कधीच विसरला. तो टॉवेल मिळाला असता तर मीच लादी पुसायला घेतला असता.

मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस. आणि त्याच्याकडून शिकून घे. हात तुझे चांगले आहेत.

शांतीमामी


हमरापूर,
६ जुलै

मोरूमामा,

आधी माफी. आहेराचं लिहिलं ते रागात लिहिलं. गुडघा जप, यायची घाई नाही.

आता परमिटप्रमाणे लिहिते. गीझरचे तुकडे काढून टाकले, सगळी लाइन पांढरीच केली. नळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन पाइपाचा तुकडा दाखवला आणि त्याच्या जातीचं सोल्युशन मागितलं. डबा आहे, झाकणाला ब्रश आहे, वासाने डोक्यात कळ जाते. काळी नळी मात्र त्यानेही पाहून परत दिली, ह्याला जगातलं काही चिकटत नाही म्हणाला. तिला पट्टीचे क्लॅम्प लावू ना?

तू लिहिलंस, दोन्ही अंगं मऊ होऊन एक होतात. ते मला वाचून कळलं नव्हतं, मागच्या आठवड्यात कळलं. आबा एका बिघडलेल्या मूर्तीला नवा हात बसवत होते. त्यांनी खांदा ओरखडला, हात ओरखडला, दोन्हीकडे शाडूचा पातळ घोळ लावला आणि हात दाबून जरासा फिरवला. मी विचारलं, आबा, हा घोळ म्हणजे डिंकच ना? कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी नीट बोलले. "डिंक नाय. डिंकानं चिकटवलं तर सुकल्यावर हात गलून पडंल. दोनी माती वली केली की मग कुठला हात नि कुठला खांदा, त्यांचं त्यांना बी कलत नाय." मी तिथेच उभी राहून हसले. त्यांना वाटलं असेल, सून बिघडली.

मग मी त्यांच्यासारखंच केलं. टोक सरळ कापलं, कडेची कुसळं काढली, आबांचा पॉलिश पेपर मारला, कोरड्या फडक्याने पुसलं. तीन सांधे नमुन्याला जोडले. पावसाळी हवा म्हणून दोन दिवस ठेवले. मग ब्लेडने उभे चिरले. तिन्हींचे अर्धे तुकडे सोबत पाठवते आहे, एक-दोन-तीन नंबर घातलेत. तू बघून सांगितल्याशिवाय मी लाइनला हात लावणार नाही.

समी


रोहा,
१३ जुलै

समी

आज मीच लिहितो. अक्षर लागलं नाही तर मामीला विचारू नकोस, तिलाही वाचता येणार नाही. हे एक पान लिहायला चहाच्या वेळेपासून बसलोय. हात हलतात. गुडघा खोटा.

नंबर १. मध्ये पोकळी राहिली. सोल्युशन कमी. नापास.
नंबर २. पूर्ण आत ढकलला नाहीस. हाताने दाबून सोडलास की तो बाहेर सरकतो, म्हणून तीस आकडे. नापास.
नंबर ३. चिरलेल्या तोंडावरून नख फिरवलं. पाइप कुठे संपला आणि सॉकेट कुठे सुरू झालं, रेघ सापडली नाही. पुन्हा फिरवलं. मामीकडून भिंग मागून बघितलं. नाही सापडली. पास.

तिसऱ्यासारखे सगळे कर. काळ्याला क्लॅम्प बरोबर. जोडून झाल्यावर दोन दिवसांनी साधं पाणी भरून फिरव आणि सगळं ओतून दे. पुन्हा तसंच कर. वास गेल्यावरच मासे.

तिसरा परत पाठवतो. त्यावर पिवळ्या रंगाने सही केली आहे. सही कशी झाली ते बघू नकोस.

मामा


हमरापूर,
३० जुलै

मोरूमामा,

काल नागपंचमी झाली. आधी निकाल सांगते, मग बाकीचं.

परवा सकाळी पंप लावला. आबांनी न विचारता परातभर कोरडी शाडूची माती आणली आणि प्रत्येक सांध्याखाली हाताने भुरभुरवली. कोरड्या शाडूवर पाणी पडलं की लगेच काळा डाग उठतो, लपवायला जागा नाही. काल सकाळी ते दिवा उंच धरून एकेक सांधा बघत गेले, मी मागून. सोळा सांधे. बाराव्याखाली काळा डाग होता. आबा उकिडवे बसले, डागाला बोट लावलं, वास घेतला आणि सुजयकडे बघून म्हणाले, "चा हाय. कप कोनी ठेवला व्हता हितं?"

बाकी सगळी जमीन कोरडी होती. टाक्या राहिल्या. एंजलने काल दुपारी अंडीही घातली आहेत, पाइपालाच चिकटवली आहेत. त्यांना कुठलं सोल्युशन लागत नाही.

मग आबांना तुझा तिसरा नंबर दाखवला. त्यांनी चिरलेल्या तोंडावरून नख फिरवलं, अगदी तू लिहिलंस तसंच, कोणी न सांगता. मग उलटा करून पिवळी सही बघितली. म्हणाले, "सांदा येवडा सरल नि सही अशी का?" खोटं सुचलं नाही. तुझे हात हलतात म्हणून सांगितलं. तू मला लिहिलंस, पण त्यांना सांग म्हणाला नव्हतास. रागावायचं तर रागाव.

आबांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला, बोटं पसरून. मामा, मी ह्या घरात पाच वर्षं ताट वाढते आहे आणि मी तो हात कधी नीट पाहिला नव्हता. तो हलत होता.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "सुजयला वाटतं, म्हातारा मुद्दाम बसवतो. गनपतीचा डोला वाकडा गेला तर मी तोंड कुठं दाखवू?"

आत सुजय आखणीला बसला होता, त्याला ऐकू गेलं असणार. त्याचा ब्रश थांबला. आबा पुन्हा त्याच्या मागच्या स्टुलावर जाऊन बसले आणि पाच मिनिटांत पापणीवरून त्याला शिव्या द्यायला लागले. सुजयने ह्या वेळी उलट उत्तर न देता पापणी पुसली आणि पुन्हा आखली.

संध्याकाळी आबा ताटीशी आले आणि विचारलं, काळ्या नळीचे क्लॅम्प तुझ्या मामांनी स्वतः बघितले का? मी नाही म्हटलं.

"मग बोलव त्यांना. सांग, माझ्याकडं अजून एक स्टूल हाय. दोघं बसून ओरडू."

रविवारच्या सकाळच्या गाडीने ये. मामीलाही आण. ऐकू येत नाही ह्याची काळजी करू नकोस, आबा फार मोठ्याने ओरडतात. आहेराची टोपी ते आज स्वतः पेणला जाऊन घेऊन आले. स्टूल मी पुसून ठेवलं आहे.

समी